ई-पीक पाहणीचं ॲप फोनवरून प्रोजेक्टरवर दाखवलं, त्याचा माझा अनुभव

गेल्या खरिपात आमच्या शेतकरी गटात ठरलं की यंदा ई-पीक पाहणी ज्यानं त्यानं आपल्या फोनवरून करायची, कुणाच्या मागं फिरायचं नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ही सोय आहे, शेतात उभं राहून ॲपमध्ये गट नंबर, पीक, क्षेत्र भरायचं, फोटो काढायचा आणि मग ते सातबाऱ्यावर येतं. नोंद नसली की पीक विमा म्हणा, अनुदान म्हणा, हमीभावानं विक्री म्हणा, सगळीकडं अडतं. त्यामुळं हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटत होतं आणि शिकवायचं माझ्याकडं आलं.

आधी स्क्रीनशॉट टाकून पीपीटी केली. चार जणांना दाखवली तर लगेच कळलं की यात दम नाही, कारण एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर कसं गेलो हेच दिसत नाही. गटातले एक तात्या म्हणाले, "पोरा, चित्र दिसतंय रे, पण तू बोट कुठं लावलंस ते कुठं दिसतंय?" मला हाच मुद्दा पटला. शिकणाऱ्याला बोट दिसलं पाहिजे. म्हणजे फोन जिवंतच पडद्यावर पाहिजे, आणि तिथून सगळी शोधाशोध सुरू झाली.

पहिलं वायरलेस करून बघितलं. ग्रामपंचायतीत स्मार्ट टीव्ही आहे, त्यावर कास्ट करायचं, म्हणजे फोनचा पडदा वायरशिवाय टीव्हीवर पाठवायचा. यात एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, कास्टचे दोन वेगळे प्रकार आहेत. मिराकास्टमध्ये फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट बोलतात, वायफायचा राउटर नसला तरी चालतं. गुगल कास्टला दोन्ही एकाच वायफायवर लागतात, आणि काही फोनमध्ये मिराकास्ट नसतंच, फक्त गुगल कास्ट असतं. शिवाय ऑफिस, कॉलेज, हॉटेल असल्या ठिकाणच्या वायफायवर एका डिव्हाइसला दुसरं दिसू नये अशी सेटिंग पुष्कळदा केलेली असते, मग दोन्ही एकाच नेटवर्कवर असूनही टीव्ही यादीत येतच नाही आणि माणूस उगाच फोन रिस्टार्ट करत बसतो. आमच्याकडं जोडलं गेलं, पण मी बटण दाबलं की टीव्हीवर जरा उशिरानं हलायचं आणि मधेच तुटायचं. चाळीस-पन्नास माणसं समोर बसलेली असताना हे चालणार नाही. पिक्चर बघायला ठीक, शिकवायला नाही.

मग टाइप-सी टू एचडीएमआय ॲडॉप्टर, म्हणजे फोन वायरनं थेट टीव्ही-प्रोजेक्टरला जोडायचा. दुकानदारानं सांगितलं सगळ्या टाइप-सी फोनला चालतं. हे खरं नाही, कृपया पैसे घालवायच्या आधी हे वाचा. चार्जिंगचं भोक टाइप-सी आहे म्हणजे त्यातून व्हिडिओ बाहेर येतोच असं नसतं, त्यासाठी फोनमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (त्याच भोकातून चित्र बाहेर पाठवायची सोय) असावा लागतो, आणि स्वस्त फोनमध्ये टाइप-सीच्या आत जुनं यूएसबी २.० च असतं, त्यातून काही येत नाही. महागड्या मॉडेलमध्ये बहुतेक असतं. फोनच्या स्पेसिफिकेशनमध्ये डिस्प्लेपोर्ट हा शब्द दिसला तरच घ्या. आमच्या गटात कुणाच्याच फोनला चाललं नाही, ॲडॉप्टर परत केलं.

शेवटी जे जमलं ते म्हणजे साधी चार्जिंगची केबल, लॅपटॉप आणि एक फुकटचा ओपन सोर्स प्रोग्राम, स्पेलिंग एस सी आर सी पी वाय, म्हणायचं स्क्रीन कॉपी. तो फोनचा पडदा लॅपटॉपवर खिडकीत दाखवतो, आणि लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला की सगळ्यांना दिसतो. २०१८ पासून आहे, जाहिराती नाहीत, इंटरनेट लागत नाही, फोनमध्ये वेगळं ॲप टाकावं लागत नाही, अँड्रॉइड ५ च्या पुढं कुठल्याही फोनवर चालतो. झिप फाइल उतरवायची, उघडायची, चालवायची. फोनच्या बाजूनं मात्र तयारी आहे. सेटिंगमध्ये अबाउट फोनमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करायचं म्हणजे डेव्हलपर ऑप्शन्स नावाचा एरवी लपलेला मेनू उघडतो, त्यात यूएसबी डिबगिंग (लॅपटॉपला केबलवरून फोन हाताळू देणारी सोय) चालू करायचं. केबल लावली की फोनवर परवानगी मागतो, लॅपटॉप शाळेचा होता म्हणून मी "या कॉम्प्युटरला नेहमी परवानगी द्या" ला टिक केली नाही, फक्त त्या वेळेपुरतं अलाव केलं. आणि फोन दिसतच नसेल तर आधी केबल बदला, काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही, बाहेरून बघून काही फरक कळत नाही.

त्याच डेव्हलपर ऑप्शन्समध्ये शो टॅप्स म्हणून एक आहे. ते चालू केलं की जिथं बोट टेकेल तिथं पडद्यावर पांढरा ठिपका उमटतो, बोट सरकवलं की ठिपका सरकतो. एवढ्याशा ठिपक्यानं सगळं काम केलं. तात्या पुढच्याच खुर्चीवर होते, "आता दिसतंय बघ, खाली ओढलंस मग हिरव्यावर दाबलंस" असं स्वतःच बोलायला लागले.

उभा फोन आडव्या पडद्यावर आला की जेमतेम पाव भाग व्यापतो, बाकी सगळा काळा, मागच्या रांगेला अक्षर वाचता येत नाही. यावर दोन गोष्टी केल्या. फोनमधलाच फॉन्ट साइज आणि डिस्प्ले साइज वाढवून घेतला, आणि फोनची खिडकी डावीकडं ठेवून उजवीकडच्या रिकाम्या जागेत मोठ्या मराठी अक्षरात पायऱ्या लिहिल्या, गाव निवडा, खातेदार शोधा, गट निवडा, पीक भरा, असं. खिडक्यांना चादरी लावल्या, दिवसा प्रोजेक्टर फिका पडतो.

एक अडचण ॲपची स्वतःची होती. फोटो त्या गट नंबरच्या शेतात जाऊनच काढावा लागतो, ॲप लोकेशन बघतं, त्यामुळं हॉलमध्ये बसून शेवटपर्यंत नोंद करून दाखवता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी सकाळी आमच्याच रानात जाऊन वडिलांच्या गटाची नोंद करताना फोनमधल्या स्क्रीन रेकॉर्डरनं व्हिडिओ केला, शो टॅप्स चालू ठेवूनच, आणि फोटोपाशी आलो की तो लावला.

खरी मजा प्रश्नांमध्ये आली. आमच्याकडं सोयाबीनमध्ये तुरीचे तास असतात, सगळ्यांचा प्रश्न तोच, हे कसं टाकायचं. पीपीटी असती तर मी तोंडी सांगितलं असतं. इथं मागं गेलो, पिकाचा वर्ग उघडला, निर्भेळ (एकच पीक) काढून मिश्र पीक निवडलं, दोन्ही पिकांचं क्षेत्र वेगवेगळं भरून दाखवलं. कुणी विचारलं बांधावरची झाडं, कुणी चालू पड (यंदा न पेरलेली जमीन), तर तेही तिथंच उघडून बघितलं. मग एका काकूंना फोन हातात दिला, त्या भरत गेल्या आणि ठिपका चुकीकडं गेला की अख्खा हॉल "वर, वर, त्याच्या वरचं" म्हणून सांगत होता. ॲप इतकं नीट शिकवलं जाताना मी आजवर कुठं पाहिलं नव्हतं.

आयफोनवाल्यांसाठी, मॅक असेल तर केबल लावून क्विकटाइम प्लेअरमध्ये न्यू मूव्ही रेकॉर्डिंग उघडा आणि कॅमेऱ्याच्या जागी फोन निवडा, फोन तसाच्या तसा दिसतो.

दाखवताना डू नॉट डिस्टर्ब लावाच, नाहीतर बँकेचा मेसेज, ओटीपी, घरचं काही, सगळं भिंतीएवढं दिसतं. फोटो गॅलरीही आधी बघून घ्या. पैशाच्या ॲपचं कुणी दाखवा म्हणालं तर आधीच सांगा की बँकेची आणि पेमेंटची बरीच ॲप पडद्यावर काळीच दिसतात, सुरक्षेसाठी तसं मुद्दाम केलेलं असतं, तुमचा फोन बिघडलेला नसतो. आणि काम झालं की यूएसबी डिबगिंग बंद करा, ते चालू राहिलं तर एक म्हणजे धोका आणि दुसरं म्हणजे काही बँकांची ॲप उघडतच नाहीत, दुसऱ्या दिवशी दुकानात पैसे देताना लक्षात येतं.