आमचा ऊद, त्यांचा लोबान

पावसाळ्यात कपाटाला कुबट वास सुटला की मला ऊद लागतोच. परवा काष्ठौषधीच्या दुकानात "पन्नास ग्रॅम ऊद द्या" म्हटलं, तर मालकांनी आत हाक मारली, "लोबान काढ रे पन्नास!" पोऱ्याने आणले तेच खडे, बाहेरून मळकट तपकिरी, आणि फोडला की आत बदामाच्या तुकड्यांसारखे पांढरे ठिपके.

आमच्या आजीला हे अजिबात पटलं नसतं. गुरुवारी बाजारात मोरपिसांचा झाडू घेऊन फकीरबाबा दुकानादुकानांतून धूर देत फिरायचे, तो लोबान. ती तिन्हीसांजेला धुपाटण्यात निखाऱ्यावर टाकायची तो ऊद. वास वेगळा म्हणे! बाळ-बाळंतिणीच्या शेगडीवर ओवा, वावडिंग आणि बाळंतशेपांसोबत पडायचा तोही ऊदच, तिथे लोबान म्हणायची कोणाची टाप होती?

खरं तर दोन्ही शब्द अरबीच. 'ऊद' म्हणजे नुसतं लाकूड, त्यातही सुवासिक अगरूचं, आपण तो शब्द उचलला आणि चिकटवला भलत्याच झाडाच्या डिंकाला, आणि आता तर उदबत्तीतसुद्धा ऊद नसतो ते सोडा. 'लुबान' मूळचा ओमानकडचा, पांढऱ्या-दुधाळ रंगावरून पडलेलं नाव. हे आपले खडे मात्र सुमात्राकडचे, झाडाच्या सालीला चिरा दिल्या की चीक पाझरतो आणि वाळून घट्ट होतो. अरब लोक सुमात्रालाही जावाच म्हणायचे, म्हणून हा 'लुबान जावी'. युरोपात जाताना त्यातला 'लु' गळाला, उरलेल्या 'बान जावी'चं घासून घासून 'बेन्झॉइन' झालं, त्यातून मिळालं ते बेन्झॉइक ॲसिड, आणि 1833 च्या सुमारास मिट्शरलिख नावाच्या जर्मन केमिस्टने ते चुन्याबरोबर तापवून जो द्रव काढला त्याला नाव दिलं बेन्झिन. तोच पदार्थ फॅरेडेने 1825 मध्येच दिव्याच्या गॅसच्या तेलकट गाळातून काढला होता, पण त्याने दिलेलं लांबलचक नाव कोण लक्षात ठेवणार! अकरावीत बेन्झीनची ती षटकोनी रिंग काढून काढून वैताग आला होता, तेव्हा कोणी सांगितलं असतं की बाई गं, यात तुझ्या आजीचं धुपाटणं आहे, तर चार मार्क जास्त पडले असते कदाचित.

जर्मन लोक तर अजूनही पेट्रोलला बेन्झिनच म्हणतात. तिकडे असलेल्या भाच्याला उत्साहाने फोन करून हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "मावशी, ते ठीक आहे गं, पण इथे बेन्झिनचा भाव काय झालाय माहितीये का?"