टांग्याच्या घोड्याचा साज: ओढ, भार आणि उतार

टांग्याच्या घोड्याच्या अंगावरचा साज तीन वेगवेगळी कामे करतो. ओढण्याचा जोर छातीच्या पट्ट्याने घ्यायचा, घोड्याच्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गाडीच्या दांड्यांचे वजन पाठीवरच्या लहान खोगिराने पेलायचे आणि उतारावर मागून येणारी गाडी पुठ्ठ्यामागच्या, म्हणजे मागच्या मांड्यांमागून जाणाऱ्या, पट्ट्याने थोपवायची. यांतल्या एकाचे काम दुसऱ्याच्या गळ्यात पडले की केस झडतात, कातडी सोलते आणि जखम होते. गाडीच्या घोड्याला जखमा असायच्याच, असे आपल्याकडे पुष्कळ जण गृहीत धरतात. मला ते मान्य नाही, कारण बहुतेक वेळा जखमेची जागाच कोणता पट्टा चुकला आहे ते सांगते.

छातीचा पट्टा खांद्याच्या पुढे आलेल्या हाडाच्या वर आणि श्वासनलिकेच्या खाली बसला पाहिजे. ही जागा अरुंद असते. पट्टा वर सरकला की चढावर, म्हणजे नेमका दम लागतो तेव्हाच, श्वासनलिका दाबली जाते. खाली उतरला की खांदा अडतो आणि पाऊल आखूड पडते. उभ्या घोड्यावर तो नीट दिसला म्हणून समाधान मानू नये. ओढीच्या वाद्या गाडीला फार खाली अडकवलेल्या असतील, तर जोर लागताच पट्टाही खाली खेचला जातो; म्हणून एकाने घोडा चार पावले पुढे न्यावा आणि दुसऱ्याने बाजूने पाहावे. वाद्या गाडीच्या चौकटीला थेट न बांधता मध्यावर फिरणाऱ्या आडव्या दांड्याला बांधल्या, तर तो दांडा दोन्ही खांद्यांच्या हालचालीबरोबर फिरतो आणि छाती घासली जात नाही. टांग्यावर पैसे खर्च करायचे असतील, तर रंगाआधी या दांड्यावर करावेत.

खोगीर मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याच्या मागे बसते आणि पाठीच्या कण्यावर त्याचा स्पर्श होता कामा नये. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधीच्या १९६५च्या केंद्रीय नियमांतही साज त्या उंचवट्यावर थेट टेकू नये, मध्ये पुरेशी मोकळीक असावी, असे म्हटले आहे. दोन्ही बाजूंच्या गाद्यांनी भार घ्यावा आणि कण्यावरून आरपार उजेड दिसावा, ही साधी कसोटी पुरते. तंग, म्हणजे खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा, कोपराला चिकटवून न आवळता थोडा मागे ठेवावा. दांड्यांचा पोटपट्टा त्याहून किंचित सैल असतो, कारण त्याने केवळ दांड्या वर उचलल्या जाऊ नयेत एवढेच पाहायचे असते. टांग्यात माणसे मागे तोंड करूनही बसतात. मागे जास्त बसली की गाडी उलळते आणि हा पट्टा पोटात रुततो, पुढे जास्त बसली की सगळा भार पाठीवर येतो. म्हणजे माणसे कुठे बसवायची हाही साजाचाच भाग आहे. नाशकातल्या गंगापूर रोडच्या लॉन्सवर वरातीसाठी येणाऱ्या चारचाकी बग्ग्यांचा भार चाकांवरच राहतो, त्यामुळे तिथे पाठीची काळजी कमी. मात्र शोभेचा एकच साज लहानमोठ्या घोड्यांवर चढवला जात असेल, तर प्रत्येक वेळी पट्ट्यांची भोके बदलायला हवीत.

नाशकात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुठ्ठ्यामागच्या पट्ट्याची. जुने नाशिक उंचवट्यांवर वसलेले आहे आणि गोदाघाटाकडे जाणारे रस्ते उतरतच जातात. हा पट्टा नसेल किंवा लोंबत असेल, तर उतारावर गाडी दांड्यांमधून पुढे सरकते, खोगीर खांद्यांवर ढकलते आणि दुमची, म्हणजे खोगिरापासून शेपटीखालून जाणारा पट्टा, शेपटीच्या मुळाशी काचते. पट्टा आडवा, शेपटी आणि मागच्या पायाचा सांधा यांच्या साधारण मधोमध असावा. घोडा ओढत असताना पट्टा आणि पुठ्ठा यांच्यात हात सहज सरकावा, पण घोडा थांबताच पट्ट्याने लगेच गाडी धरावी. फार खाली असेल तर तो मागचे पाय ओढून घेतो, आणि ओल्या डांबरावर ते घातक ठरते.

तोंडाकडचे थोडक्यात सांगतो. लगामाची कडी ओठांच्या कोपऱ्याला हलकेच टेकावी, झापडांच्या मध्यावर डोळा यावा आणि पापण्यांना चामडे लागू नये.

फेरीनंतर साज काढला की घामाचे ठसे पाहावेत. गादीखाली घाम सारखा पसरला असेल तर भार सारखा पडला आहे. मध्येच कोरडा डाग किंवा उलट्या दिशेने विस्कटलेले केस दिसले, तर तिथे दाब किंवा घर्षण आहे आणि पुढच्या फेरीआधीच पट्टा बदलावा. घोडा सोडताना मात्र घाई करू नये. तो दांड्यांतून पूर्ण बाहेर येईपर्यंत डोक्यावरचा साज काढायचा नाही, कारण झापडे निघाल्यावर मागे चिकटलेली गाडी एकदम दिसली तर शांत घोडाही उधळू शकतो आणि त्याला धरायला त्या क्षणी हातात लगाम नसतो.