नामक्कल ते वडनेर: १९६८चा ट्रक घरी आणताना

बाबांनी हिंगणघाटच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी वाहिल्या त्या टाटा-मर्सिडीज ट्रकवर. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणाऱ्या जर्मन डाइम्लर-बेंझचा करार १९५४चा. तो १९६९ला संपला आणि जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला. मला ताऱ्याचाच ट्रक हवा होता. आपल्या भागातले बहुतेक केव्हाच भंगारात कापले गेले. शेवटी १९६८चा, १२१० मॉडेलचा ट्रक सापडला थेट तामिळनाडूत, नामक्कलला.

त्याआधी एकदा फसलो होतो. एका दलालाने व्हॉट्सॲपवर सुंदर फोटो पाठवले, मी बयाना दिला आणि आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, मागताच त्याचा फोन बंद झाला. म्हणून सांगतो, आरसीचा फोटो आणि चेसिस नंबरचा, म्हणजे सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा, पेन्सिल-ठसा हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

या वेळी आमच्या मिस्त्रीला सोबत नेलं. सेवाग्रामहून रेल्वेने चेन्नई, तिथून सेलम, पुढे बस. नामक्कल म्हणजे ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्यांचं गाव, लोखंड ठोकण्याचा आवाज दिवसभर. मिस्त्रीला तमिळ येत नाही, तिथल्या मेकॅनिकला हिंदी नाही. पण नोझल, पंप, लायनर, गॅस्केट एवढ्या शब्दांवर दोघं तासभर बोलत बसले. थंड इंजिन सुरू करायला लावलं, मग ऑइलचं झाकण काढून मिस्त्रीने तळहात धरला. धूर अगदी थोडा. “भाऊ, इंजिन जित्तं हाये, पाटे मात्र बदला लागते.” पाटे म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या. इंजिन ६९२, म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). गरम इंजिनात खोट लपते, म्हणून मालकाने आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.

चेसिस नंबरवर गंजाचा जाड थर होता. रॉकेलच्या फडक्याने अर्धा तास पुसलं, मग कागद ठेवून पेन्सिल हळूहळू फिरवली. एकेक आकडा वर येत गेला आणि आरसीशी जुळला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

खरी कसोटी कागदांची. इतकी जुनी नोंदणी सरकारच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीत सहसा नसते. ती मूळ आरटीओतच चढवून घ्यावी लागते आणि त्याशिवाय दुसऱ्या राज्यात नेण्याची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), म्हणजे फॉर्म २८, पुढे सरकत नाही. हे काम विकणाऱ्याकडूनच करून घ्या आणि मोठी रक्कम त्यानंतरच द्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर बसून घ्या. थकीत कर आणि बँकेचा बोजा तपासा. एक गैरसमजही काढून टाका: २०२१च्या विंटेज नियमांत फक्त दुचाकी आणि खासगी चारचाकी येतात. ट्रकला तो विंटेज गाड्यांचा ‘व्हीए’ नंबर मिळत नाही, फिटनेस प्रमाणपत्र लागतंच. परदेशातून आणायचं स्वप्न असेल तर आधी आयातीचे चालू नियम तपासा.

फिटनेस नाही, विमा नाही, मग चालवत आणायचा प्रश्नच नव्हता. लो-बेड, म्हणजे बुटक्या तळाचा, ट्रेलर ठरवला. भाडं ट्रकच्या निम्म्या किमतीला गेलं, तरी ते वाचवू नका. साखळ्या ॲक्सलला बांधा, बॅटरीची वायर काढा, जाळीवरचा तारा आणि दिवे खोलून स्वतःजवळ ठेवा. चालकाकडे आरसी, एनओसी आणि विक्री कराराच्या प्रती द्या. रस्ता सोपा आहे. नामक्कल, बेंगळुरू, हैदराबाद, आदिलाबाद करत सुमारे साडेबाराशे किलोमीटर, सगळा महामार्ग ४४. पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याला चहा घेतला तेव्हा चौथी सकाळ होती.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नव्हती. ट्रेलर गावच्या रस्त्याला वळत नाही, आणि काळ्या मातीत चाक उतरलं तर संपलंच. वडनेरजवळ महामार्गालगत जेसीबीने मुरमाचा उतार करून घेतला आणि ट्रक मागे-मागे उतरवला. तुम्ही ही जागा आधीच पाहून ठेवा, पावसाळ्याआधी या.

बाबा काठी टेकत आले. जाळीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, “कागद आणले ना सारे?” दुसऱ्याच दिवशी फाइल घेऊन वर्ध्याच्या आरटीओत गेलो. एमएच-३२ चा नंबर मिळण्यासाठी फॉर्म २७ भरून दिला आहे. तोवर मिस्त्री पाट्यांच्या मागे लागला आहे.