लहान जर्नलचा क्रँकशाफ्ट

मिशिगन, शनिवार रात्र

माझ्या १९६७च्या शेव्हरोले कॅमेरो गाडीसाठी हवा असलेला क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा, आज अखेर मिळाला. गाडीतले ३२७ घनइंचांचे व्ही-८ इंजिन मूळचेच आहे. ब्लॉकला कुठे तडा नाही, सिलिंडरच्या भिंतीही आणखी एकदा बोअर करता, म्हणजे आतून कापून रुंद करता, येईल इतक्या जाड आहेत. मात्र आधीच्या मालकाच्या काळात तेलाअभावी बेअरिंग जळाली आणि क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत गोल भागांवर, असे खोल ओरखडे पडले, की ग्राइंडिंग करूनही (घासून व्यास थोडा कमी करूनही) तो वाचण्यासारखा राहिला नव्हता.

शेव्हरोलेने हे ‘स्मॉल ब्लॉक’ इंजिन १९५५ मध्ये आणले. पुढे त्याचे किती तरी आकार निघाले, पण शेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांमधले ४.४ इंचांचे अंतर कायम राहिले. त्यामुळे यातले काहीही कशालाही बसते, असे विकणारेही सांगतात आणि घेणारेही मानतात. माझ्या मते जुन्या गाड्यांवरचा सर्वाधिक पैसा याच समजुतीपायी वाया जातो. १९६७ पर्यंतच्या ३२७ मध्ये मेन जर्नलचा (ब्लॉकमध्ये बसणाऱ्या) व्यास २.३० इंच आणि रॉड जर्नलचा (ज्यावर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड बसतो त्या) २.०० इंच असे, तर १९६८ पासून तीच मापे २.४५ आणि २.१० इंच झाली. नव्या मापाचा क्रँक माझ्या ब्लॉकमध्ये उतरणारच नाही, हे एका परीने बरेच आहे, कारण न बसणारा भाग निदान फसवत तरी नाही.

फसवतो तो पिस्टन. ३२७ आणि ३५० घनइंचांच्या या दोन्ही स्मॉल ब्लॉक इंजिनांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४.०० इंच आणि कनेक्टिंग रॉडची लांबी ५.७ इंच, परंतु स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, एकाचा ३.२५ आणि दुसऱ्याचा ३.४८ इंच असल्याने पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनची जागा वेगळी असते. ३५०चा पिस्टन ३२७ मध्ये अलगद जातो, इंजिन सुरूही होते, पण तो पिस्टन दर फेरीला ०.११५ इंच, म्हणजे जवळजवळ तीन मिलिमीटर, खालीच थांबतो आणि कॉम्प्रेशन पार उतरते. उलट ३२७चा पिस्टन ३५० मध्ये घातला, तर तो तेवढाच वर येऊन हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणावर, आदळेल.

आज जुन्या सुट्या भागांच्या बाजारात पहिला क्रँक ‘३२७चा’ म्हणूनच दाखवण्यात आला. तो खरोखर ३२७चा होताही, पण मायक्रोमीटरवर मेन जर्नल २.४४ इंचांच्या आसपास भरले, म्हणजे तो १९६८ नंतरचा, एकदा ग्राइंड केलेला होता. माझ्या ओळखीचा मशिनिस्ट अशा क्रँकचे मेन जर्नल २.३० इंचांवर आणून देतो, आणि मग त्यासोबत मोठ्या मापाचे रॉड लावावे लागतात. काम पक्के होते यात शंका नाही. तरीही ज्या ब्लॉकचे बाकी सारे मूळ मापाचे आहे, त्यात मला हे नको होते.

दुसरा क्रँक एका टेबलाखाली गंजलेल्या हेडांच्या मागे पडला होता. कोल्हापूरला ओतकामाच्या कारखान्यात उमेदवारी केल्यामुळे माझी नजर आधी साच्याच्या जोडरेषेवर जाते. ओतीव क्रँकवर ती बारीक धाग्यासारखी असते. इथे ती रुंद पट्टी होती, म्हणजे क्रँक घडीव पोलादाचा होता. मेन जर्नल २.२९, रॉड जर्नल १.९९, दोन्ही ०.०१ इंचाने ग्राइंड केलेले, आणि त्या मापाची बेअरिंग आजही नवी मिळतात.

स्ट्रोक मोजणे तेवढेच आवश्यक होते, कारण २८३ घनइंचांच्या इंजिनाचा क्रँकही याच जर्नलांचा असतो, पण त्याचा स्ट्रोक ३.०० इंच. शेव्हरोलेने १९६७ मध्ये ३२७चा बोअर आणि २८३चा स्ट्रोक एकत्र आणून ३०२ घनइंचांचे इंजिन केले आणि झेड/२८ कॅमेरो ट्रान्स-ॲम शर्यतीच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसवली. त्या इंजिनाबद्दल मला अपार आदर आहे. माझ्या गाडीला मात्र ३.२५च हवा होता, आणि मध्यरेषेपासून रॉड जर्नलच्या केंद्रापर्यंतचे अंतर १.६२५ इंच, म्हणजे स्ट्रोकच्या बरोबर निम्मे, भरल्यावर मी भाव न करता पैसे दिले.

सोमवारी तो चुंबकीय तपासणीसाठी मशिनिस्टकडे जाईल. सूक्ष्म तडा निघाला नाही, तर पिस्टन आणि रॉडसह त्याचे बॅलन्सिंग करून घ्यायचे आहे. पाण्याचा पंप त्यानंतर पाहीन. तोही आखूडच हवा, कारण १९६९ पासूनचा लांब पंप लावला तर माझ्या पुल्या एका रेषेत येणार नाहीत.