लक्षद्वीप, आत्याचा गुडघा आणि माझी फजिती

लक्षद्वीपला जायचं ठरलं तेव्हा मी एक्सेल शीट उघडली आणि पुढचे तीन महिने तिच्यातच राहिलो. तारखा, परवाने, केबिन, उलटीच्या गोळ्या. ‘आत्याचा गुडघा’ असा एक स्वतंत्र रकाना होता. आत्या ७१ वर्षांची, आणि गुडघा तिच्याहून म्हातारा.

बेटं ३६, माणसं राहतात ती जेमतेम १०, आणि सगळी जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर. आपल्याच देशात जायचं तरी प्रवेश परवाना लागतो. पावसाळ्यात समुद्र कुणाचं ऐकत नाही, म्हणून ते महिने आधीच खोडले. शेवटी पाच दिवसांची जहाजाची सहल घेतली. कोचीहून निघायचं, दिवसा बेट पाहायचं, रात्री जहाजावर झोपायचं. रोज सामान बांधायला नको, जिने नकोत. गुडघ्याच्या रकान्यात मी हिरवा रंग भरला.

माहितीपत्रकात एक वाक्य होतं: ‘पर्यटकांना लहान बोटीने किनाऱ्यावर नेले जाईल.’ हे लिहिणाऱ्याला मला एकदा भेटायचंय.

पहिलं बेट कल्पेनी. सकाळी डेकवर गेलो तर बेट म्हणजे पाण्यावर ओढलेली हिरवी रेघ, माडांचे शेंडे तेवढे दिसतात. जमीन समुद्रापासून फार वर नाहीच. भोवती प्रवाळाची भिंत, आत उथळ पाणी. मोठं जहाज तिथे शिरलं तर पोट फाडून घेईल. म्हणून ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि बेटावरच्या बोटी त्याला येऊन चिकटतात.

चिकटतात म्हणजे काय, ते जहाजाच्या खालच्या दारात उभं राहिल्यावर कळलं. बोट लाटेबरोबर दाराच्या उंबऱ्यापर्यंत वर येते, क्षणभर थबकते आणि पुरुषभर खाली जाते. मधल्या फटीत निळंशार पाणी गिळल्यासारखा आवाज करतं. दारात दोन खलाशी, बोटीत दोन. ते तुमचे दंड धरतात, मल्याळममध्ये ओरडतात, आणि त्या क्षणी पाय टाकायचा असतो. आधी नाही, नंतर तर नाहीच.

आत्याला मागे ओढावं म्हणून मी हात पुढे केला, तेवढ्यात ती गेलीसुद्धा. साडी खोचलेली, पायात पांढरे बूट, अंगावर नारिंगी लाइफ जॅकेट. एसटीत चढावं तशी ती पाय टाकून बोटीत उतरली, बसली आणि शेजारणीला विचारू लागली, “तुम्ही कुठल्या?”

मग माझी पाळी. एका हातात फोन, दुसऱ्यात टोपी. बोट वर आली, मी थांबलो. खाली गेली. पुन्हा वर आली, पुन्हा थांबलो. मागे रांग खोळंबलेली. खालच्या खलाशाने बोट वर येताच माझ्या हातातला फोन काढून स्वतःच्या खिशात टाकला, टोपी आत भिरकावली आणि रिकामे हात मागितले. खालून आत्याचा आवाज आला, “अरे, त्यांना धरू दे की! तू कशाला धरतोस?” तिसऱ्या लाटेला मी गेलो. गेलो म्हणजे मला उचलून घेतलं. खलाशाने फोन परत दिला तेव्हा तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

पुढे बोट प्रवाळातल्या वाटेने आत शिरली आणि गडद निळं पाणी एका रेषेवर संपून पोपटी झालं. खाली काकड्या पडाव्यात तशा समुद्रकाकड्या दिसत होत्या. कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांचा मोठा बांध आहे, तो १८४७च्या वादळाने आणून टाकला म्हणतात. तो पाहिल्यावर सकाळच्या लाटेबद्दल मी तक्रार करायची नाही असं ठरवलं. दुपारपर्यंत टिकलं.

पुढचं बेट कवरत्ती. तिथला दिवस काचेच्या तळाच्या बोटीत आणि गर्दीत गेला. रात्री मिनिकॉय बेटाच्या वाटेवरचा खोल समुद्राचा पट्टा, म्हणजे नऊ अंशांची खाडी (नाइन डिग्री चॅनल), ओलांडताना जहाज असं डोललं की माझ्या गोळ्या मला कामी आल्या. आत्याने आल्याची वडी खाल्ली आणि घोरली.

मिनिकॉयला भाषाच बदलते. बाकी बेटांवर मल्याळमची बहीण, इथे महल, म्हणजे मालदीवची. १८८५चं दीपगृह मी चढलो. आत्या खाली सावलीत बसली. धापा टाकत उतरलो तर तिच्या हातात लाकडाच्या ढलपीसारखं काहीतरी. उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवलेला कुप्पा मासा, ‘मास’. तिथल्या बाईने तो किसून, खोबरं घालून तिला खायला दिला होता. दोघींची एकही भाषा जुळत नव्हती, तरी कृती आत्याला तोंडपाठ.

तिने अर्धा किलो घेतला आणि जागा नाही म्हणून माझ्या बॅगेत ठेवला. बॅग चार वेळा धुतली. अजून वास येतो.