माझा अनुभव : ‘कॅल्शियम-फ्री’ द्रावणात कॅल्शियम सापडतं तेव्हा

कॅल्शियमशिवाय गर्भाशयाचा स्नायू आकुंचन पावत नाही, हे पुस्तकात एका ओळीत संपतं. ऑर्गन बाथमध्ये (शरीराबाहेर काढलेला टिश्यू जिवंत ठेवून त्याचं आकुंचन मोजायचं भांडं) तेच दाखवताना आमचे चार दिवस पाण्याने खाल्ले.

फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज), समितीची मंजुरी वेळेत झाली. उंदराच्या मादीला आदल्या दिवशी स्टिल्बेस्ट्रॉल (कृत्रिम इस्ट्रोजेन) ०.१ मिग्रॅ प्रति किलो, २० मिलीचा बाथ, ३० अंश तापमान, १ ग्रॅम ताण, ४५ मिनिटं स्थिरावणं. टिश्यू ज्यात ठेवतो त्या डी जॅलॉन या क्षारांच्या द्रावणात कॅल्शियम क्लोराइड लिटरला फक्त ०.०६ ग्रॅम असतं, म्हणून टिश्यू आपोआप उड्या मारत नाही. हे वजन निर्जल मिठाचं आहे. बाटली डायहायड्रेटची (पाण्याचे दोन रेणू धरलेल्या मिठाची) असेल तर ०.०८ ग्रॅम घ्या.

आता अडलं ते. कॅल्शियम वगळून द्रावण केलं, पोटॅशियम ६० मिलिमोलरवर नेलं (लिटरला पोटॅशियम क्लोराइड ४.४७ ग्रॅम, सोडियम क्लोराइड ९ वरून ५.८२ वर), आणि आकुंचन नोंदवणारी रेष सपाट राहायच्या ऐवजी वर चढली. पुन्हा केलं, पुन्हा चढली. आमच्या डिस्टिलेशन युनिटला बोअरचं पाणी जोडलेलं होतं. पुण्यात खडकवासल्याचं पाणी मऊ, बोअरचं मात्र जड. हीटरवर बोटभर पांढरा थर होता, उकळताना थेंब उडून गोळा होणाऱ्या पाण्यात जात होते. सिडनी रिंगर या इंग्रज डॉक्टरलाही १८८३ मध्ये हेच उमगलं होतं: लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचं हृदय चालत राहिलं, डिस्टिल्ड पाण्यातल्या द्रावणात थांबलं.

एवढंसं कॅल्शियम कसं पुरतं? पेशीच्या आत विश्रांतीत ते साधारण १०० नॅनोमोलर असतं, बाहेर त्याच्या हजारो पट. पोटॅशियमने पेशीचा पडदा डीपोलराइज झाला (त्यावरचा विद्युतभार कमी झाला) की पडद्यातले एल-टाइप कॅल्शियम चॅनेल उघडतात, कॅल्शियम आत येऊन कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं, मायोसिन लाइट चेन किनेज हे एन्झाइम जागं होतं आणि स्नायू आवळतो. शिवाय टिश्यूत अडकलेलं कॅल्शियम नुसतं धुऊन पूर्ण जात नाही.

म्हणून आधी पाण्याची कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षार किती ते) मोजा. पाणी या चाचणीत पास झाल्याशिवाय वजनकाट्याकडे जाऊ नका. मग कॅल्शियमला धरून ठेवणारं ईजीटीए, १ मिलिमोलर, १० मिनिटं. ईजीटीए साध्या पाण्यात विरघळत नाही, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ८ च्या आसपास आणावा लागतो. त्यानंतर ईजीटीए नसलेल्या द्रावणाने चार वेळा धुवा. हे धुणं चुकलं की घातलेलं पहिलं कॅल्शियम ईजीटीएच गिळतो आणि टिश्यू मेला असं वाटून आपण तो फेकून देतो. आमचा एक चांगला टिश्यू असाच गेला, याची चुटपुट अजून आहे.

रेष सपाट झाली की ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट १.४७ ग्रॅम, १०० मिलीत): आधी २० मायक्रोलिटर, मग ४०, मग १४०. बाथमध्ये ०.१, ०.३, १ मिलिमोलर. तिसऱ्या डोसला पेन झपाट्याने वर गेलं, तेव्हा लॅबमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

निफेडिपिनने (एल-टाइप चॅनेल बंद करणारं औषध) हेच आकुंचन उतरतं. त्याची नळी फॉइलमध्ये गुंडाळा, उजेडात ते खराब होतं. गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकासाठी मात्र सपाट रेषेची हमी धरू नका: ते आयपी३ या पेशीतल्या निरोप्यामार्गे पेशीतल्या साठ्यातलं कॅल्शियम सोडतं, त्यामुळे बाहेर काही नसतानाही छोटासा चढ दिसतो.