बघता बघता

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रोज दोन किलोमीटर चालायला सांगितलं. मी नदीकाठची पायवाट धरली, कारण तिथे ओळखीचं कुणी भेटत नाही. लंगडत चालणाऱ्या बाईला लोक फार सल्ले देतात.

त्या वाटेच्या एका वळणावर चर खणताना काढलेल्या मातीचा ढीग पडून होता. वसंत सुरू झाला तशी त्या ढिगाच्या उतारावर काही रोपं उगवली. अकरा. मोजली, कारण मला सगळंच मोजायची सवय आहे, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा. दोन गुळगुळीत लांबट बीजपत्रं, त्यांच्यावर काटकोनात करवती कडांच्या पानांची जोडी. कुठलंतरी तण असेल म्हणून पुढे गेले. आठवड्याभराने नव्या पानांना तीन-तीन बोटं फुटली, मग पाच. पाच बोटं दिसली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. हे पान मी आयुष्यभर टी-शर्टांवर आणि चाव्यांच्या किचेनवर पाहिलेलं होतं. तिथे ते नेहमी सात बोटांचं आणि अगदी रेखीव असतं. इथे एक बोट तोकडं, दुसऱ्याला भोक, आणि हात लावला तर बारीक सँडपेपरसारखं खरखरीत. पानाच्या वरच्या बाजूला सूक्ष्म आखूड केस असतात आणि त्यांच्या बुडाशी चुन्याचे कण साठलेले असतात, त्याची ती खरखर. टी-शर्टवाल्यांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, "नदीवर गांजाची झाडं उगवलीत."

"कुणी लावली?"

"कुणी नाही. आपोआप आलीत."

"आपोआप काही येत नसतं," तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

त्याचं म्हणणं जितकं वाचत गेले तितकं खरं निघालं, आणि हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. निकोलाय वाव्हिलोव हा रशियन शास्त्रज्ञ. पिकांची मूळ घरं शोधत जगभर हिंडला, लाखांनी बियाणं गोळा केलं, आणि १९४३ मध्ये स्टालिनच्या तुरुंगात उपासमारीने गेला. मध्य आशियात फिरताना त्याच्या लक्षात आलं होतं की ही वनस्पती माणसाच्या वस्तीच्या मागेमागे जाते. उकिरडा, शेणखताची जागा, उकरलेली माती, जिथे नत्र भरपूर आणि इतर झाडांनी अजून जागा धरलेली नाही, तिथे ती पहिली येते. २०२१ मध्ये ११० झाडांच्या जनुकसंचांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार माणसाने हिला सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी पूर्व आशियात आपलंसं केलं, आणि तिचा खरा रानटी पूर्वज बहुधा आता उरलेलाच नाही. म्हणजे आपण जिला रानटी म्हणतो ती कधीतरी कुणाच्यातरी शेतातून पळालेली आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात दोरखंडासाठी हेंप, म्हणजे हिचीच धाग्यासाठी पिकवतात ती जात, लावली होती, तिची पिलावळ अजून तिथल्या रस्त्याकडेच्या चरांमधून उगवते.

तर मातीचा ढीग माणसांनी केला आणि त्यावर माणसांच्या मागे फिरणारं झाड आलं. आपोआप कसलं!

मी ठरवलं, बघायचं, हात लावायचा नाही. हे काही साधुत्व नव्हे. मी राहते तिथे एकाही रोपाला परवानगी नाही. भारतात १९८५ च्या कायद्याने विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे, हे तर सगळ्यांना माहीत असतं. कॅनडात बहुतेक ठिकाणी दर घरी चार, उरुग्वेत सहा, जर्मनीत २०२४ पासून माणशी तीन झाडं चालतात. पण तिथेही आपल्या घराच्या हद्दीत, नदीकाठी नाही. लागवड म्हणजे नेमकं काय, याचा मात्र मी त्या उन्हाळ्यात फार विचार केला. उगवलेलं बघितलं तर लागवड नाही. रोज बघितलं तर? नंबर दिले तर? मी नंबर दिले होते, एक ते अकरा, आणि एक वही केली होती.

नऊ आणि दहा पहिल्याच पावसाच्या रात्री गोगलगायींनी संपवली. सकाळी नुसते दोन देठ आणि चमकणारी रेघ. राहिली नऊ.

चार नंबरचा शेंडा सशाने खुडला. ससाच असावा, कारण काप तिरका आणि स्वच्छ होता, हरणाने ओरबाडल्यासारखा नव्हता. मला फार वाईट वाटलं, वहीत "४ गेलं" असं लिहूनही टाकलं. दहा दिवसांनी पाहते तर कापाच्या खालच्या पेरातून दोन्ही बाजूंना दोन फांद्या वर निघालेल्या. शेंडा असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा गेला की ते मोकळे होतात. पुढे चार नंबर सगळ्यांत डेरेदार झालं. मी "गेलं" खोडलं नाही, शेजारी उद्गारचिन्ह घातलं.

आणि सात नंबर. सात नंबर ढिगाच्या माथ्यावर होतं, सगळ्यांत बारकं. जूनमध्ये तीन आठवडे पाऊस पडला नाही आणि त्याची पानं दुपारी लोंबायला लागली. इतरांचीही लोंबत होती, पण हे जास्त केविलवाणं दिसायचं. एका संध्याकाळी माझ्या पाण्याच्या बाटलीत अर्धं पाणी उरलं होतं, ते मी त्याच्या बुडाशी ओतलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जास्तीचं पाणी नेलं. तिसऱ्या दिवशी दोन बाटल्या. गुडघ्याची बाई दोन बाटल्या घेऊन निघालेली बघून नवऱ्याने विचारलं, "एवढी तहान लागते?" मी हो म्हटलं.

सात नंबर तरारलं. बघता बघता इतरांच्या पुढे गेलं. मला कोण अभिमान! मग पाऊस आला, त्याच्याबरोबर वारा आला, आणि सकाळी सात नंबर मुळासकट आडवं पडलेलं. बाकीची वाकली होती, पण उभी होती. मी उपटलेली मुळं हातात घेऊन पाहिली. मधलं सोटमूळ जेमतेम वीतभर, आणि सगळा पसारा वरच्या चार बोटं मातीत. रोज संध्याकाळी घोट-घोट पाणी आयतं मिळत होतं, खाली जायची गरजच काय होती त्याला? बाकीच्यांनी त्या तीन आठवड्यांत ओल शोधत मुळं खोल नेली. मी त्यांना काही दिलं नाही म्हणून ती वाचली.

त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही.

राहिली आठ. त्यांतली सगळ्यांत मजेशीर गोष्ट दोन नंबरची.

हे झाड फुलायचं कधी ते उन्हावर किंवा वयावर फारसं ठरवत नाही, रात्रीच्या लांबीवर ठरवतं. १९१२ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूलियाँ तुर्न्वा नावाचा तरुण संशोधक हेंप आणि हिचीच चुलत बहीण हॉप (बिअरमध्ये घालतात ती वेल) यांवर काम करत होता. रोज थोडेच तास उजेड दिला तर रोपं अगदी लहान वयातच फुलतात, हे त्याला दिसलं. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि ॲलर्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर तेच दाखवून त्याला नाव दिलं. आणि पुढे कळलं की झाड दिवस मोजतच नाही, ते अंधार मोजतं. अंधार सलग हवा. मधे उजेडाचा खंड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तर २१ जून गेला, रात्री हळूहळू लांबायला लागल्या, आणि ऑगस्टमध्ये चार झाडं फुलायला लागली. चारही नर. नर आधी फुलतात, उंच आणि किडकिडीत असतात. फांद्यांच्या टोकांना हिरवट-पिवळ्या कळ्यांचे घोस लोंबतात, प्रत्येक फुलात पाच परागकोश. एका सकाळी वाऱ्याची झुळूक आली आणि माझ्या काळ्या जॅकेटच्या बाहीवर पिवळी भुकटी बसली. या भुकटीला मधमाशीची गरज नाही, ती वाऱ्याने कित्येक किलोमीटर जाते. दोनेक आठवड्यांनी तीन मादी झाडांच्या पेरांतून पांढऱ्या केसांच्या जोड्या डोकावल्या. परागकण झेलायला बाहेर काढलेली बोटंच ती. परागण झाल्यावर ते केस तांबूस होऊन आत वळले. नर झाडं तोवर पिवळी पडून सुकायला लागली होती. काम झालं, निघाले.

दोन नंबर मात्र नुसतं वाढत होतं. हिरवंगार, माझ्या डोक्याच्या वर दोन हात, आणि फुलाचं नाव नाही. मी रोज भिंग घेऊन पेरं तपासायची. खत जास्त मिळालं का? जात वेगळी का? मग एकदा यायला उशीर झाला, अंधार पडला, आणि पायवाटेवरचा दिवा लागला. नवा दिवा, त्याच उन्हाळ्यात बसवलेला, दूधपांढरा. त्याचा उजेड बरोबर दोन नंबरवर पडत होता, बाकीची सात सावलीत. दोन नंबरच्या आयुष्यात रात्रच होत नव्हती. ते बिचारं अजून जूनमध्येच उभं होतं.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. माझ्याजवळ स्कार्फ होता. दिव्याच्या बाजूच्या झुडपावर तो टाकला असता तर आडोसा झाला असता. पण सात नंबर आठवलं, आणि स्कार्फ गळ्यातच राहिला.

दरम्यान भाच्याला सुगावा लागला. "मावशी, ती जागा एकदा दाखव ना. नुसतं बघायला." नुसतं बघायला म्हणजे काय असतं ते मला एव्हाना चांगलं माहीत होतं. मी त्याला कॅडमियमवर व्याख्यान दिलं. ही वनस्पती जमिनीतले जड धातू ओढून घेते, इतकी की १९९८ मध्ये चेर्नोबिलजवळ दूषित माती साफ करण्यासाठी ती लावून पाहिली होती. त्या ढिगात कुठकुठली घाण आहे कुणास ठाऊक. शिवाय परागण झालेली मादी, तिची सगळी ताकद बियांत गेलेली. तो कंटाळून फोन बघायला लागला. व्याख्यान यशस्वी.

वास मात्र मी घेतला, ते कबूल करते. चार नंबरचा फुलोरा दोन बोटांत धरून सोडला तर बोटं एकमेकांना चिकटली. भिंगाखाली फुलांभोवतीच्या पानोळ्यांवर काचेच्या टाचण्यांचं रान दिसतं, प्रत्येक टाचणीच्या डोक्यावर राळेचा थेंब. वास आधी चिरलेल्या पाईनच्या लाकडाचा, मग मिरीचा, मग कुणीतरी घाम पुसल्यासारखा. घरी येईपर्यंत तीनदा हात धुतले आणि तरी नवरा म्हणाला, "कसला वास येतोय?"

ऑक्टोबरमध्ये पक्षी आले. फिंचांचा थवा सकाळी सकाळी चार नंबरवर लोंबकळायचा, खाली टरफलांचा सडा. पिकवलेल्या हेंपचं बी झाडावर धरून राहतं, कारण सांडणारं बी माणसाने हजारो वर्षं पेरलंच नाही. यांचं नुसत्या धक्क्यानेही गळत होतं. मातकट, ठिपक्यांचं, मातीत पडलं की दिसेनासं होणारं. इतकी वर्षं माणसाकडे राहूनही काही पिढ्यांत परत शिकलंय.

दोन नंबरने शेवटी, नोव्हेंबरच्या तोंडाशी, दिव्याच्या आड असलेल्या बाजूला दोन-चार पांढरे केस काढले. झेलायला वाऱ्यावर काही उरलं नव्हतं. आठवड्यात कडक थंडी पडली आणि ते एका रात्रीत काळं झालं.

हिवाळ्यात यंत्र आलं, ढीग सपाट केला, वाटेवर खडी टाकली. माझा गुडघा तोवर बरा झाला होता.

चालायचे बूट मी बाल्कनीत ठेवते. त्यांच्या तळव्यांच्या खाचांतली माती काडीने उकरून जवळच्या कुंडीत टाकायची, ही माझी जुनी सवय. मागच्या आठवड्यात नवरा चष्मा कपाळावर सरकवून त्या कुंडीवर वाकला होता. जास्वंदाच्या बुडाशी दोन गुळगुळीत लांबट बीजपत्रं, त्यांच्यावर काटकोनात करवती कडांची जोडी.

"हे पण आपोआप आलं का?" त्याने विचारलं.

मी आत जाऊन वही आणली. बारा नंबर लिहिला, तारीख घातली, आणि मग रोप उपटलं. मूळ पांढरंशुभ्र होतं, बोटभर, सरळ खाली गेलेलं.